रामटेक्यांची फी

रामटेक्यांची फी ठरलेली होती. काम दहा मिनिटांचं असो की तळघरात दोन तास उताणं पडून करायचं असो, फी एकच, एक ग्लास पाणी. तेही त्याच घरातलं, त्यांनी नुकत्याच सुरू करून दिलेल्या नळाचं. कॉफी चालत नसे, केक चालत नसे, पैशाचं नाव काढलं तर ते ऐकूच न आल्यासारखं करत. कुणी आग्रहाने दुसरा ग्लास पुढे केला तर हात आडवा करून म्हणत, "एक ही फी आहे. दुसरा घेतला तर लाच होईल नं."

श्रावण रामटेके प्लंबर नव्हते हे आधीच सांगून टाकते. पहिल्या भेटीत माझा तसा समज झाला होता आणि त्या समजापायी मी काय करून बसले तेही पुढे येणारच आहे. ते नागपूरहून इंजिनिअर होऊन आलेले गृहस्थ. राहायला आमच्यासारखेच नेपरव्हिलमध्ये. रोज सकाळच्या ट्रेनने शिकागोला जायचे आणि एका कंपनीत मोठमोठ्या कारखान्यांच्या पाइपांची ड्रॉइंग काढायचे. "रोज मैलभर पाइप टाकतो वहिनी, पण हाताला एका थेंबाची ओल लागत नाही," ही त्यांची कायमची तक्रार होती. म्हणून वर्षातून एक दिवस ते खऱ्या पाइपांना हात लावत. तो दिवस म्हणजे जानेवारीतला तिसरा सोमवार.

ऐंशीच्या दशकात ती सुट्टी अगदी नवी होती. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेल्या आणि त्यापायी गोळी खाऊन गेलेल्या एका पाद्र्याचा जन्मदिवस म्हणून सरकारने ती सुरू केली होती. आमच्यापैकी बऱ्याच जणांना तिचा पत्ता लागला तो पोस्टमन आला नाही म्हणून. दुकानांनी मात्र लगेच चादरी आणि टॉवेलांचे सेल लावले. रामटेक्यांना त्याचा फार राग. त्यांचं म्हणणं, माणूस इतका मोठा होऊन गेला आणि त्याच्या नावाने उशांचे अभ्रे काय घ्यायचे? ज्याने आयुष्यभर लोकांची कामं केली त्याच्या वाढदिवशी लोकांचं एखादं काम तरी करावं. इलिनॉयच्या जानेवारीत लोकांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे गोठलेले पाइप. तेव्हा हे दोन आणि दोन चार त्यांनी स्वतःच करून टाकले. कुणाला विचारलं नाही की कुठे नाव नोंदवलं नाही.

त्यांच्या हत्यारांची एक पेटी होती, हिरव्या पत्र्याची. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवलेले होते. एक निळ्या कोटातले, काखेत पुस्तक घेतलेले. दुसरे इथले, पाद्र्याच्या झग्यातले. पहिल्यांना ते मोठे साहेब म्हणत आणि दुसऱ्यांना इथले साहेब. नावं घेत नसत, म्हणून मीही इथे लिहीत नाही, आणि वाचणाऱ्यांना त्याची गरजही पडू नये. पाना हवा असला की झाकण उघडायचं, म्हणजे दिवसातून पन्नास वेळा दोघांचं दर्शन. हात काळे असले तर झाकण कोपराने उघडायचे. फोटोंना कधी डाग पडलेला मी पाहिला नाही.

आमची ओळख झाली ती आमच्या मूर्खपणामुळे. त्या हिवाळ्यात आम्ही नेपरव्हिलमध्ये नवेच होतो. शनिवार-रविवार डिट्रॉइटच्या मित्राकडे संक्रांतीला जायचं ठरलं. अरविंद, म्हणजे माझा नवरा, पुण्याच्या घरातून बाहेरगावी निघताना जे जे करतात ते सगळं करून निघाला. शेगडी बंद, टीव्हीची पिन काढली, इस्त्रीची काढली, भिंतीवरच्या घड्याळाचीसुद्धा काढली. फ्रीजकडेही तो बघत होता, पण आत दूध होतं. शेवटी तळघरात जाऊन त्याने फर्नेस बंद केली. रिकामं घर कशाला तापवायचं, असा त्याचा सवाल होता आणि मलाही तो पटला. खरं सांगायचं तर नवरा किती काटकसरी आहे म्हणून मला बरंच वाटलं. सोमवारी दुपारी परतलो तर घरात स्वतःचा श्वास दिसत होता. स्वयंपाकघरातला नळ सोडला. तो एकदा खाकरला आणि गप्प झाला.

फर्नेस चालू केली आणि प्लंबरना फोन लावत सुटलो. सगळे बिझी. शेवटी इथल्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी सांगितलं, आज तो सोमवार आहे ना, मग रामटेक्यांच्या घरी फोन करा, ते आज हेच करत फिरत असतात, त्यांच्या पत्नीला, विमलताईंना, पत्ता द्या. मी दिला. चारच्या सुमारास बोटीएवढी एक स्टेशनवॅगन आली, मागे मागे येत आमच्या मेलबॉक्सला धडकली आणि थांबली. आतून तांबडी माकडटोपी घातलेला एक बुटका गृहस्थ उतरला. त्याने आधी मेलबॉक्स सरळ केला, चारही बाजूंनी निरखला आणि मग बेल वाजवली.

"मेन व्हॉल्व्ह कुठाय?" हे त्यांचं आमच्या घरातलं पहिलं वाक्य. आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांनी विचारलं, घर घेऊन किती दिवस झाले? अरविंद म्हणाला, चार महिने. "चार महिने राहून राहिले आणि पाणी कुठून येते ते माहीत नाही? काय बाप्पा." मग तळघरात जाऊन त्यांनी व्हॉल्व्ह शोधला, खिशातून एक पिवळं लेबल काढून त्याला बांधलं आणि आम्हा दोघांकडून तो तीन-तीन वेळा बंद-चालू करून घेतला. हे ते सगळ्यांच्याच घरी करत. लेबलावर ड्राफ्ट्समनच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं असे, 'हा फिरवा.' अमेरिकन घरांत तेच इंग्रजीत. वर्षातून एकदा व्हॉल्व्ह फिरवला नाही तर तो रुसतो, असं ते म्हणत.

अरविंदने फर्नेसचा गुन्हा कबूल केला. रामटेके सिंकखालच्या कपाटात डोकं घालून होते. तिथूनच आवाज आला, "म्हणजे पाणी सोडून सगळं बंद केलं तुम्ही. पुढच्या खेपेला उलटं करा. पाणी बंद करा, बाकीचं राहू द्या चालू." मग त्यांनी बोटाच्या पेराने पाइपवर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "बोल." पाइपाशी बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पेटीतून विमलताईंचा गुलाबी हेअरड्रायर निघाला. नळाच्या बाजूने सुरुवात करून इंच इंच खाली सरकत त्यांनी पाऊण तास तो पाइप शेकला. नळ उघडाच ठेवला होता. आधी सूं झालं, मग गढूळ तांबूस पाणी, मग स्वच्छ धार. त्यांनी धारेखाली नुसताच हात धरला. त्या वेळी त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग ओला हात पँटला पुसून ते म्हणाले, "माझी फी. एक ग्लास पाणी."

आता ते सांगते. निघताना टाकलेली भांडी सिंकमध्ये तशीच पडलेली होती, आल्यावर धुवायला पाणीच नव्हतं ना. मी ड्रॉवर उघडला, संक्रांतीच्या पार्टीसाठी आणलेल्या कागदी कपांतला एक काढला, भरला आणि त्यांना दिला. त्यांनी कपाकडे बघितलं, मागच्या दाराशी बूट घालूनच उभ्याउभ्या पाणी प्यायले, थँक यू म्हणाले आणि निघाले. अरविंदने बसायचा आग्रह केला तर म्हणाले, अजून दोन घरं राहिलीत. सिंकखालच्या पाइपाला हीट टेप, म्हणजे पाइप उबदार ठेवणारी विजेची पट्टी, लावायला हवी, ती आणून लावून देईन एकदा, एवढं सांगून गेले. जाताना मेलबॉक्स चुकवला.

वाचणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं? मलाही दोन-तीन वर्षं तसंच वाटत होतं. भांडी खरकटी होती हे खरं. पण काचेच्या कपाटात माझ्या लग्नातली सहा फुलपात्रं लखलखीत पुसून मांडलेली होती, हेही खरं. पाहुणा आला की मी तीच काढायची. त्या दिवशी काढली नाहीत. ओले कपडे, काळे हात, म्हणून मी त्यांना कामावर आलेला माणूस समजले, असं मी स्वतःला सांगत असे. पण रामटेके हे आडनाव मला फोनवरच कळलं होतं. आणि आडनाव कानावर पडल्यावर आपल्या लोकांच्या डोक्यात काय काय हलतं ते आपण एकमेकांना सांगायची गरज नाही. हात ड्रॉवरकडे गेला तो नेमका कशामुळे, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

असो. त्यानंतर मंडळात त्यांची गाठ पडू लागली आणि माणूस हळूहळू कळत गेला. संत वगैरे मुळीच नव्हते. पत्त्यांत हरले की अर्धा तास फुगून बसायचे. गाडी हायवेवरसुद्धा बैलगाडीच्या वेगाने हाकायचे आणि मागच्याने हॉर्न दिला की "घाई आहे तर कालच निघायचं होतं" म्हणून त्यालाच शिव्या. स्वतःचा पाना कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. कुणाच्याही घरी जेवायला गेले की आधी बाथरूममधला गळका नळ शोधायचे आणि जेवताना यजमानाला त्यावरून बोलायचे. बढाया तर विचारू नका. अमुक पूल पडला तो माझं ऐकलं असतं तर पडला नसता, इथपर्यंत. विमलताई समोर बसून शांतपणे म्हणायच्या, "अहो, तो पूल आपण यायच्या आधीच पडला होता." फोनवर नागपूरच्या मंडळींशी जयभीम म्हणताना आवाज मोठा आणि मोकळा असे. आम्हा बाकीच्यांना नमस्कार. त्यात राग नव्हता, पण फरक होता, आणि तो ऐकू येत असे.

कंपनीने ती सुट्टी द्यायला सुरुवात केली नव्हती, म्हणून ते दर वर्षी रजा टाकत. साहेबाने विचारलं, कशासाठी? तर म्हणाले, आमचा सण आहे. कसला सण? वाढदिवस. कुणाचा? "तुमच्याच माणसाचा, पण तुम्ही करत नाही म्हणून मी करतो." बिचाऱ्या गोऱ्या साहेबाने सही करून टाकली. गंमत म्हणजे पुढच्या वर्षी त्याच सोमवारी त्याच साहेबाचा फोन विमलताईंना आला. त्याच्या म्हाताऱ्या आईचे पाइप गोठले होते आणि प्लंबर मिळत नव्हता. रामटेक्यांनी निरोप दिला, आज मी रजेवर आहे, त्यामुळे ऑर्डर चालायची नाही, तुमच्या आईचा नंबर सातवा. सहा घरं करून ते संध्याकाळी तिथे पोचले. म्हातारीने पाणी दिलं ते तिच्या आजीच्या वेळच्या नक्षीदार ग्लासात, बशीवर घडी घातलेला रुमाल ठेवून. ही गोष्ट ते इतक्यांदा सांगत की आम्हाला तो रुमालसुद्धा पाठ झाला होता. कुणी पाणी कशात दिलं हे ते इतकं बारकाईने का सांगतात, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पडायला हवा होता.

त्यांना एकाच गोष्टीची आस होती, त्या दिवशी आपल्या लोकांपैकी कुणीतरी बरोबर यावं. मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम त्या सोमवारच्या आदल्याच आठवड्यात असे. तिळगुळाच्या टेबलाशेजारी ते एक कागद चिकटवत. वर मथळा, 'सोमवारी माझ्यासोबत कोण येणार?' खाली फूटपट्टीने आखलेल्या दहा ओळी, क्रमांक घातलेल्या. पहिल्या ओळीवर स्वतःचं नाव. बाकी नऊ कोऱ्या.

त्या नऊ ओळी कोऱ्याच राहत. कारणं एकाहून एक. कुणाची पाठ धरलेली, कुणाच्या मुलाची हॉकी, कुणाला नेमकी त्याच दिवशी मीटिंग. पुढच्या वर्षी नक्की, हे तर सगळ्यांचंच. एका डॉक्टरांनी मोठ्या मनाने चेक काढला. रामटेक्यांनी तो वाचला, कौतुक केलं आणि परत त्यांच्या खिशात घातला, "चेकनं बर्फ वितळत नाही डॉक्टर." एका वर्षी कुणाच्या तरी पोराने पाचव्या ओळीवर स्नोमॅन काढून ठेवला. रामटेके तो कागद सगळ्यांना दाखवत फिरले, एक जण तरी यायला तयार झाला म्हणून. हसत होते. पण कार्यक्रम संपल्यावर हॉलच्या कोपऱ्यात उभे राहून त्यांनी तो कागद घडीवर घडी घालून खिशात ठेवला, तेव्हा हसत नव्हते. मी खुर्च्या रचत होते म्हणून मला दिसलं.

चौथ्या वर्षी, कार्यक्रमाच्या शेवटी, त्यांनी माइक मागून घेतला. कंपनीने टेक्ससला, प्लेनोला बदली केली आहे, मार्चमध्ये निघणार, म्हणाले. तिथे पाइप फारसे गोठत नाहीत म्हणे, त्यामुळे मी बेकार होणार. लोक हसले. "तर हा शेवटचा कागद. टेबलाजवळ लावलाय." एवढंच बोलून माइक परत दिला.

टेबलाकडे कुणीच गेलं नाही. सगळे आपापल्या वाटीतला हलवा निरखत होते. मी उठले आणि दोन नंबरला नाव लिहिलं. मोठेपणा काही नव्हता. कुणीतरी उठलं पाहिजे आणि कुणीच उठत नाही, यात जो संकोच वाटतो तेवढाच होता. अरविंदने मागून येऊन तिसऱ्या ओळीवर सही केली, कारण त्याला घरी माझ्याबरोबर राहायचं होतं. रामटेक्यांनी कागद बघितला. मला वाटलं, काहीतरी गंमत करतील. ते म्हणाले, "सकाळी सातला येतो. एकावर एक दोन मोजे घाला."

सोमवारी अरविंदला ताप भरला. खरा होता, मी थर्मामीटर लावला. मग मी एकटीच त्या स्टेशनवॅगनमध्ये बसले, मांडीवर हिरवी पेटी, पायाशी विमलताईंनी दिलेला चहाचा थर्मास. नदीपलीकडच्या जुन्या गावातली घरं होती, लाकडी, वाऱ्याला सगळीकडून वाट देणारी. माझं काम टॉर्च धरायचं. दुसऱ्या घरी त्यांनी हेअरड्रायर माझ्या हातात दिला. तिसऱ्या घरी मी पाइपावर टकटक करून कान लावला आणि गोठलेली जागा बरोबर सांगितली. रामटेके खूश झाले नाहीत, म्हणाले, नशीब असेल. पण पुढच्या घरी टकटक करायला मलाच सांगितलं.

शेवटचं घर मिसेस कोल यांचं. शाळेच्या किचनमधून रिटायर झालेल्या, काळ्या, उंच, ऐंशीच्या घरातल्या बाई. रामटेके त्यांच्याकडे पहिल्या वर्षापासून जात. पहिल्यांदा त्यांनी दार उघडलंच नव्हतं. माकडटोपीवाला अनोळखी माणूस, फुकट काम करून देतो म्हणतो, कोण उघडेल? रामटेक्यांनी टोपी काढली आणि पेटीचं झाकण उघडून खिडकीसमोर धरलं. बाईंनी बराच वेळ बघितलं. मग काचेवर बोट ठेवून विचारलं, हे माझे, शेजारचे कोण? रामटेके पायरीवर उभे राहून पाव तास बोलले, बर्फात. बाई म्हणाल्या, बरं, मग तिघंही आत या.

त्या दिवशी त्यांच्या पाइपाला फार वेळ लागला नाही. बाईंनी पाणी आणून दिलं आणि रामटेके पीत असताना विचारलं, मिस्टर रॅम, इतकी वर्षं येता, कधी कॉफी घेत नाही, पाणीच का मागता? मला वाटलं, लाचेचा विनोद येणार. पण ते म्हणाले, तुम्ही आधी सांगा, लहानपणी तुमच्याकडे पाणी कसं मिळायचं. बाई म्हणाल्या, मिसिसिपीत कोर्टाजवळ दोन नळ होते, दोन पाट्या. गोऱ्यांच्या नळाचं पाणी गार, आमच्याचं कोमट. रामटेके म्हणाले, "आमच्या गावी एकच विहीर होती. पाटी नव्हती. सगळ्यांना माहीतच होतं." त्यांची आई घडा घेऊन विहिरीपासून दहा पावलांवर उभी राहायची. कुणाला वाटलं तर वरून ओतायचं. कधी लगेच, कधी ऊन डोक्यावर येईपर्यंत नाही. ती मागायची नाही, कारण मागितलं तर उशीर करायचे. हे सगळं त्यांनी ड्रॉइंग समजावून सांगावं तसं सांगितलं, विहीर इथे, पायऱ्या इथे, आई इथे. "म्हणून मी मागतो. मागितलं आणि मिळालं की आईला कळवल्यासारखं होतं."

मिसेस कोल यांनी रामटेक्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मी टॉर्च बंद करायची विसरले होते.

परतताना गाडी नेहमीच्याच वेगाने चालली होती. माझ्या डोळ्यापुढून तो कागदी कप हलेना. घर जवळ आल्यावर मी म्हटलं, "रामटेके, पहिल्या वर्षी मी तुम्हाला कागदी कपात पाणी दिलं होतं."

"आठवते. हिरवी पानं होती त्याच्यावर."

"कपाटात भांडी होती."

"दिसली होती नं. काचेचं कपाट आहे तुमचं."

मला रडू यायला लागलं. ते रस्त्याकडेच बघत होते. मग म्हणाले, त्या दिवशी घरी जाऊन विमलला सांगितलं. ती चिडली. म्हणाली, उद्यापासून आपला ग्लास सोबत नेत जा. "मी म्हटलं, आपला ग्लास नेला तर मग फी काय राहिली?" गाडी आमच्या रस्त्याला वळवत त्यांनी विचारलं, "तुमची हीट टेप राहिली आहे नं लावायची? चार वर्षं झाली. पेटीत आहे. आत्ताच लावून टाकू."

मला माफ केलं की नाही, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. विचारायचा हक्क माझा नव्हता.

या खेपेला मेलबॉक्स वाचला. वर अरविंद पांघरुणात कण्हत होता. रामटेके सिंकखाली शिरले, पाइपाला टेप गुंडाळली, पिन लावली, तळघरात जाऊन व्हॉल्व्हवरचं पिवळं लेबल बघून आले. तो रुसला नव्हता, मी दर वर्षी फिरवत होते. मग त्यांनी खिशातून एक कागद काढून ओट्यावर पसरला. तोच मथळा, तीच फूटपट्टीने आखलेली दहा ओळींची यादी, पुढच्या जानेवारीसाठी. पहिली ओळ कोरी होती. पेन त्यांनी माझ्यापुढे धरला. मी तिथे माझं नाव लिहिलं. त्यांनी ते वाचलं, अक्षर बरं आहे म्हणाले, आणि पेन परत खिशाला लावला.

"आता माझी फी."

मी काचेचं कपाट उघडलं. फुलपात्र काढलं, नळ सोडला, धार गार होऊ दिली आणि भरून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडाकडे फिरवून त्यावर घातलेलं नाव वाचलं, सावकाश, मोठ्याने, "सौ. सुमन हिस मामांकडून." हाताने कोरलंय, मशीनचं नाही, असा शेरा दिला. आमच्या घरी सगळे वरून पाणी पितात. त्यांनी भांड्याला तोंड लावलं, एका दमात संपवलं आणि ओट्यावर ठेवलं. मला वाटलं, आता निघतील.

त्यांनी माकडटोपी काढली. मागच्या दाराशी जाऊन बूट काढले आणि नीट जोडीने ठेवले. मग दोन मोज्यांच्या पायांनी येऊन जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले आणि रिकामं फुलपात्र माझ्याकडे सरकवलं.

"तो फीचा झाला, वहिनी. आता एक पाहुण्याचा द्या."